बोळातल्या चार टाचण्या

मी भिंतीवरचा नकाशा बोलतोय. ऐकायचं असेल तर जरा लांब उभे राहा, कारण जवळ आलं की तुम्हा माणसांना बोट लावल्याशिवाय राहवत नाही. पहिलं बोट कुठे लावता तेही मला पाठ झालंय. "आपण इथे आहोत," असं म्हणत प्रत्येक जण या वनकचेरीच्या ठिपक्यावर बोट टेकवतो. इतक्या वर्षांत इतकी बोटं टेकली की माझ्या अंगावर आता ही कचेरीच उरलेली नाही. वरचं जंगल आहे, खालचं जंगल आहे, नदी आहे, कडा आहे, आणि साहेबांची खुर्ची जिथे असायला हवी तिथे एक मळकट डाग आहे. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

माझा स्वभाव कडवट आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या जागी तुम्ही असतात, तर तुम्हीही गोड बोलला नसतात.

जन्मलो तेव्हा असा नव्हतो. माझ्यासाठी माणसं चार वर्षं पायी हिंडली होती. एकेक ओढा कुणीतरी गुडघाभर पाण्यातून ओलांडला, मग तो माझ्यावर निळी रेघ होऊन आला. छापखान्यात सहा रंग अंगावर चढले, पाठीला कापड चिकटवलं, वर-खाली लाकडी दांडे बसवले. पत्र्याच्या नळकांड्यातून या कचेरीत आलो तेव्हा वाटलं, आता माझ्यासमोर उभं राहून लोक विचार करतील. पहिल्या साहेबांनी मला उघडलं, मापलं आणि म्हणाले, "बरोब्बर बसतोय. ओल झाकली जाईल." पुढची नऊ वर्षं मी भिंतीची ओल झाकली. पाठीवर बुरशी आली, तिची खूण अजून आहे.

त्या नऊ वर्षांत माझ्याकडे नीट बघणारा एकच माणूस होता आणि तोही माझा वैरीच. रानात जनावरांचा माग काढणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला माग्या म्हणत. वाळका, उंच, पायांत नेहमी फाटके बूट. सव्वीस वर्षं हत्तींच्या मागे चाललेला. दर आठवड्याला तो माझ्यासमोर यायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि नाक मुरडायचा.

"हा ओढा इथे नाही. पंधरा वर्षांपूर्वी सरकला," तो म्हणायचा. किंवा, "इथे पाणी दाखवलंय. कुठलं पाणी? डुक्करही येत नाही तिथे."

माझा तीळपापड व्हायचा. पण तो बोट लावायचा नाही, एवढं मानलं पाहिजे.

मग अभ्यासक बाई आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, केस घट्ट बांधलेले, बोलणं त्याहून घट्ट. हत्ती कुठे राहतात, किती मुलुखात हिंडतात, कुठल्या दिवसांत कुठे जातात हे शोधायला त्या आल्या होत्या. चौदा हत्तींचा एक कळप होता. त्यातल्या म्होरक्या हत्तिणीला बेशुद्ध करून तिच्या गळ्यात त्यांनी पट्टा बांधला. तो पट्टा दिवसातून दोनदा, दुपारी बारा आणि रात्री बारा वाजता, आपण कुठे आहोत ते सांगायचा. बाई रोज सकाळी तो पत्ता घेऊन यायच्या आणि माझ्या अंगात दोन लाल टाचण्या खुपसायच्या.

रोज दोन, अशी दोन वर्षं. हिशेब तुम्हीच करा. माझी चाळण झाली. त्या हत्तिणीला मी कधी पाहिलं नाही, पण ती कुठे उभी राहिली ते माझ्या अंगाला कळायचं, आणि मी तिचा मनापासून राग करायचो. तिनं एक डोंगर चढायचा आणि टोचायचं मला!

तरीही एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिचं हिंडणं वेडंवाकडं नव्हतं. वर्षातले सात महिने ती वरच्या जंगलात असायची, आठ-दहा ठरलेल्या पाणवठ्यांच्या भोवती. ओढे आटले की खालच्या जंगलात, नदीच्या काठाला. पाणी परत वाढलं की पुन्हा वर. माझ्यावर टाचण्यांचे दोन लाल पुंजके तयार झाले, एक वर, एक खाली. दोघांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला नदीचा डोह. माग्या त्या पट्टीला बोळ म्हणायचा. बोळात दोन वर्षांत टाचण्या पडल्या फक्त चार.

आता चूक कशी झाली ते ऐका. अशी चूक अडाणी माणसाच्या हातून होत नाही, त्याला शिकावं लागतं. बाईंच्या शास्त्रात नियम होता की जनावर कधीमधी भरकटतं, तेव्हा शंभरातल्या ज्या पाच टाचण्या सगळ्यात एकट्यादुकट्या असतील त्या काढून टाकायच्या. मग उरलेल्यांभोवती दोरा फिरवायचा. दोऱ्याच्या आत जे आलं ते त्या जनावराचं घर. नियम जगभर चालतो म्हणे. बाईंनी एका दुपारी स्टुलावर चढून एकट्यादुकट्या टाचण्या उपटल्या. त्यात बोळातल्या चारही गेल्या. मग निळा दोरा फिरवला. वर एक गोल, खाली एक गोल.

माग्या दारात उभा होता.

"मॅडम, मधल्या चार काढल्या?"

"नियमानं काढाव्या लागतात, काका. दीड हजारात चार म्हणजे काहीच नाही."

"मग ती वरच्या गोलातून खालच्या गोलात कशी जाते? उडत?"

मला हसू आलं. बाईंना आलं नाही.

"जाते हे मला माहीत आहे. पण तो तिचा कायमचा रस्ता आहे, हे चार टाचण्यांवरून सिद्ध होत नाही. पुरावा लागतो."

"चार का आहेत ते तरी विचारा," माग्या म्हणाला. "तिथे ती थांबत नाही, मॅडम. जंगलात चरत, रमतगमत हिंडते. बोळाच्या तोंडाशी आली की पोरं मधे घेते आणि जवळजवळ धावत पलीकडे जाते. अर्ध्या तासात पार. तिला भीती वाटते तिथे. तुमचा पट्टा बोलतो बारा तासांनी. त्याला काय दिसणार?"

"म्हणजे माझं काम चुकीचं आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी कोण म्हणणार? मी आपला मागे मागे चालणारा."

अशा बोलण्यानं भांडण मिटत नाही, उलट मुरतं. बाईंनी अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ लिहिली, की दोन्ही भागांमधल्या ये-जा करण्याच्या वाटेचा आणखी अभ्यास व्हायला हवा. ती ओळ त्यांच्याशिवाय कुणी वाचली असेल तर मला दाखवा.

आणि मग एक दिवस फळांच्या रसाच्या कारखान्याचा मॅनेजर आला. गोरागोमटा, घामाघूम, हातात फाइल. कारखाना बोळाच्या अलीकडेच होता. त्यांना कामगारांसाठी बारा खोल्या बांधायच्या होत्या आणि वरच्या जंगलाच्या बाजूला भिंत. जागा सपाट हवी, पाणी जवळ हवं. अशी जागा एकच होती. तिथे हत्तींचा वावर नाही, असं वनखात्यानं लिहून द्यायचं होतं.

आमच्या साहेबांना पाठीमागे सगळे शिक्का म्हणत, कारण कागद वाचण्याआधी त्यांचा हात शिक्क्याकडे जायचा. साहेब उठले, पहिलं बोट माझ्या मळक्या डागावर टेकवलं, दुसरं बोळावर.

"दोऱ्याच्या बाहेर आहे," साहेब म्हणाले. "हरकत नाही."

माग्या कोपऱ्यात उभा होता. "साहेब, तो बोळ आहे. तिथून कळप जातो."

"नकाशात कुठे आहे?"

"नकाशात होता. काढला."

"कुणी काढला?"

माग्यानं बाईंकडे बघितलं. बाई आपल्या कागदांत डोकं घालून बसल्या होत्या. त्या एक वाक्य बोलल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं. त्या बोलल्या नाहीत. आणि मीही बोललो नाही, कारण मला तोंड नाही. तुमचं काय निमित्त असतं ते तुम्ही बघा.

धप्प. शिक्का पडला.

खोल्या सहा महिन्यांत उभ्या राहिल्या. भिंत त्याहून लवकर. सिमेंटचे खाच असलेले खांब रोवायचे आणि त्या खाचांत वरून सिमेंटच्या फळ्या सोडायच्या, एकीवर एक सहा. कड्यापासून डोहापर्यंत बोळ बंद झाला. माग्यानं साहेबांना तीन अर्ज दिले. तिन्ही अर्ज साहेबांनी माझ्या खालच्या दांड्याला खोचून ठेवले, म्हणजे मलाच सोबत.

पण माग्याच्या डोक्यावर खरे मिरे वाटले ते त्याच्या मुलीनं. ती त्याच कारखान्यात बाटल्या धुवायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून पंधरा दिवस बाहेर. पदरात चार वर्षांची मुलगी. बारांतली शेवटची, भिंतीला लागून असलेली खोली तिला मिळाली. माग्यानं तिला कचेरीत बोलावून घेतलं, कारण घरी ती त्याचं ऐकून घेत नव्हती. ऐकलं तिनं कचेरीतही नाही, पण निदान मला ऐकायला मिळालं.

"खोली सोड," माग्या म्हणाला. "पाणी आटलं की कळप तिथे येणार."

"पहिल्यांदा स्वतःचा नळ मिळालाय मला. स्वतःचं दार आहे. आणि तुम्ही म्हणता सोड?"

"पोरी, मी सव्वीस वर्षं त्यांच्या मागे आहे."

"तेच तर! मी आजारी पडले तेव्हा तुम्ही त्यांच्या मागे. आई गेली तेव्हा तुम्ही त्यांच्या मागे. माझ्या लग्नात जेवणं उरकल्यावर आलात, बुटांना चिखल. आता मला घर मिळालं तर तिथेही तुमचे हत्ती! मला त्यांचं नावसुद्धा ऐकायचं नाहीये, बाबा."

"ते माझे नाहीत."

"मग कुणाचे? आमचे तर तुम्ही कधीच नव्हतात."

ती तरातरा निघून गेली. माग्या माझ्यासमोर उभा राहिला. दोन गोलांच्या मधल्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला. तिथे आता त्याची मुलगी आणि नात राहत होत्या आणि माझ्यावर तिथे काहीच नव्हतं. मला तो माणूस आवडत नव्हता, पण त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

ओढे आटले. टाचण्या एकेक करत खाली सरकायला लागल्या. मग एका दुपारची टाचणी पडली ती थेट भिंतीपाशी. रात्री बाराची तिच्या शेजारी. दुसऱ्या दुपारची तिला चिकटून. तीन दिवस सहा टाचण्या एकाच जागी. इतक्या जवळजवळ की माझं कापड तिथे फाटलं.

बाई टाचणी हातात धरून थांबल्या. "आता ही जागाही दोऱ्यात येईल," त्या हळूच म्हणाल्या.

"अडली तेव्हा दिसली तुम्हाला," माग्या म्हणाला आणि वायरलेस खांद्याला लावून निघून गेला.

साहेबांनी मॅनेजरला बोलावून घेतलं. भिंतीच्या दोन-चार फळ्या काढून वाट मोकळी करावी, खोल्या एक दिवस रिकाम्या कराव्यात, असं साहेब म्हणाले खरे, पण आवाजात दम नव्हता. मॅनेजरनं फाइल उघडली आणि शिक्क्यावर बोट ठेवलं.

"हे तुमचंच ना? हा नकाशा तुमचाच ना? मग हत्तींना सांगा, तुम्ही दोऱ्याच्या बाहेर आलात."

"चूक झाली असं मॅडमनी लिहून दिलं तर बघू," साहेबांनी हात झटकले.

"रेघ चुकीची नाही," बाई तावातावानं म्हणाल्या. "ती रेघ या प्रश्नाचं उत्तर द्यायला काढलीच नव्हती."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

तिघंही एकमेकांवर असे तुटून पडले की वायरलेस दोनदा खरखरला तरी कुणाला ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा ऐकू आलं. माग्याचा आवाज अगदी हळू होता.

"साहेब, मी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आहे. डोहाकडून फट आहे का बघायला आलो होतो. कळप माझ्या मागनं आलाय. डावीकडे कडा, उजवीकडे डोह. मागे जायला जागा नाही."

मॅनेजरनं खिशातून फोन काढला. "फटाके लावायला सांगतो रखवालदारांना."

"फटाके नकोत!" वायरलेसवर माग्या म्हणाला. "रखवालदार त्यांच्या मागच्या बाजूला आहेत. आवाज झाला की ते पुढे पळतील. पुढे मी आहे."

बाईंनी मॅनेजरच्या हातातला फोन हिसकावून घेतला. मी त्यांना माफ केलं नाहीये, पण हे सांगितलं पाहिजे.

मग वायरलेसवर एक दुसरा आवाज आला, लांबून, भिंतीआडून आल्यासारखा. माग्याच्या हातात बटण दाबलेलंच राहिलं होतं.

"कोण आहे तिकडे? बाबा?"

"आत जा. पोरीला घे आणि गच्चीवर जा. सगळ्यांना घेऊन जा."

"तुम्ही तिकडे काय करताय?"

"गच्चीवर जा म्हणतो ना!"

"आयुष्यभर त्यांच्या मागे होतात, आता त्यांच्या पुढे जाऊन उभे राहिलात? अक्कल आहे का तुम्हाला?" तिचा आवाज चिरका झाला होता. मग ती दुसरीकडे तोंड करून ओरडली, "अगं, क्रेट आणा! बाटल्यांचे क्रेट! सगळ्या जणी या!"

क्रेट ओढल्याचा आवाज आला. बायका एकमेकींना शिव्या देत, "उचल, उचल, खाचेतून वर घे," असं म्हणत होत्या. पहिली फळी पडली. दुसरी पडली. कुठेतरी एक बारीक, खोल गुरगुर ऐकू येत होती, ती वायरलेसमधून आली की माझ्या दांड्यांतून, मला सांगता येणार नाही. तिसरी. चौथी.

"चढा, बाबा! हात द्या!"

मग धाडकन काहीतरी आपटलं आणि माग्या ओरडला. त्यानंतर वायरलेस बंद पडला.

पाऊण तास साहेब, बाई आणि मॅनेजर त्या मुक्या डब्याकडे बघत बसले. मॅनेजर दोनदा पाणी प्यायला. बाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी निळा दोरा ओढून तोडला. त्यानं काय होणार होतं? पण माणसं काहीच करता येत नसलं की असं काहीतरी करतात.

काय झालं ते दुसऱ्या आठवड्यात कळलं, माग्याची मुलगी त्याला रिक्षातून कचेरीत घेऊन आली तेव्हा. त्याचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता. पाय हत्तीनं मोडला नव्हता. बापाला वर ओढायला तिनं हात पुढे केला तेव्हा पाचवी फळी तिच्याच हातून निसटली आणि त्याच्या पावलावर पडली होती. बायकांनी त्याला आत घेतलं, टाकीच्या शिडीवरून गच्चीवर चढवलं, आणि मग त्याच फटीतून हत्ती आले. म्होरकीनं दोन खांब खांद्यानं बाजूला सारले. नळाचं टाकं फुटलं, वाळत घातलेले कपडे तुडवले गेले, माग्याच्या मुलीच्या खोलीचा कोपरा घासून गेला आणि सिमेंट निघालं. चौदाच्या चौदा ओळीनं गेले. गच्चीवरच्या बायकांकडे एकानंही मान वर करून बघितलं नाही.

साहेबांनी निवेदन तयार ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं की हत्तींचा कळप भरकटून कामगार वस्तीत शिरला. खाली माग्याची सही हवी होती.

"भरकटले नव्हते," माग्या म्हणाला आणि पेन खाली ठेवलं.

"सव्वीस वर्षं नोकरी झालीय तुझी. पुढचा विचार कर."

"पाय गेलाय साहेब, पुढचं काय राहिलंय?"

मॅनेजर मध्ये पडला. "ते राहू द्या. भिंत उद्या परत उभी करतोय आम्ही. या वेळी फळ्या सिमेंटनं जोडून."

"कोण उभी करणार?" मुलीनं विचारलं. तोपर्यंत ती भिंतीला टेकून गप्प उभी होती.

"माणसं लावीन."

"लावा. आम्ही बारा घरांतल्या बायका फळ्यांवर बसून आहोत, आळीपाळीनं. येताना बघितलं नाहीत वाटतं?"

"कामावरून काढीन तुम्हाला."

"काढा की. बाटल्या तुम्ही धुवा." तिनं पदर खोचला. "आणि साहेब, गैरसमज नको. मला तुमचे हत्ती आवडत नाहीत. माझ्या मुलीचा फ्रॉक तुडवला त्यांनी. मला दुसरीकडे खोली हवी आहे, नळासकट. ती मिळेपर्यंत भिंत उघडी राहील. परत येताना ते अडले आणि पुढे कुणाचा बाप असला, तर पुन्हा फळ्या उचलायला माझ्या हातात तेवढी ताकद नाही."

माग्या मुलीकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. "चला," ती म्हणाली, "औषधाची वेळ झाली." त्याला धरून नेताना तिनं त्याच्या बुटाची नाडी सुटलेली बघितली आणि खाली वाकून, चडफडत, बांधली.

दुसरी खोली अजून मिळालेली नाही. अर्ज फिरतो आहे. बाईंनी एक लांबलचक पत्र लिहिलं, की आपली रेघ त्या कामासाठी वापरायला नको होती आणि आपण तेव्हा गप्प बसलो ही आपली चूक. ते पत्र वर गेलं आणि वरच राहिलं. बायका मात्र फळ्यांवरून उठल्या नाहीत. मॅनेजर रोज एकदा येतो, बघतो, दात-ओठ खातो आणि जातो. माग्याचा पाय वाकडाच जुळला. तो आता रानात जात नाही. दिवसभर कचेरीत माझ्यासमोर खुर्ची टाकून बसतो आणि माझ्यातल्या चुका काढतो.

परवा नदीचं पाणी वाढलं. दुपारी बाराच्या पत्त्यावर म्होरकी अजून खालच्या जंगलातच होती, चांगली आत. दिवस मावळायला आला तसा माग्या खुर्चीत अस्वस्थ व्हायला लागला. त्याचा वायरलेस आता मुलीकडे असतो. ती गच्चीवर होती.

"बाबा, आले."

"गोंगाट करू नका. दिवा लावू नका. मोज."

"मला नाही मोजता येत, सगळे चिकटून चालतायत."

"पाय मोजू नकोस. पाठी मोज."

"एक. दोन. तीन... चार, पाच. छोटा आहे मधे, त्याच्यासकट सहा. अहो, किती भरभर जातायत हे! सात, आठ. नऊ..." ती मोजत राहिली. चौदावर ती थांबली. मग म्हणाली, "अजून एक आहे. एवढंसं. पोटाखालून चाललंय." पुढे नुसती खरखर आली.

"पोरी?"

"गेले बाबा." तिनं नाक ओढलं. "तुम्ही जेवलात का?"

म्हातारा माझ्यासमोर बसून लहान मुलासारखा रडला. मी बघत होतो. माझी नजर वळवायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. दुपारची टाचणी खालच्या जंगलात लावली, रात्री बाराची वरच्या जंगलात, बोळापासून कितीतरी लांब. मग त्या थबकल्या. पंधरा हत्ती बोळातून गेले होते, त्यांतला एक काही दिवसांपूर्वी जन्मलेला. माग्याच्या मुलीनं ते आपल्या डोळ्यांनी मोजले होते. आणि या फेरीची माझ्यावर बोळात एकही टाचणी नव्हती. अडली तेव्हा सहा पडल्या होत्या, मोकळी गेली तेव्हा एकही नाही.

बाईंनी माग्याकडे बघितलं.

तेव्हा माझं एवढं ऐका. तुमच्या हातात कधी शिक्का आला, तर माझ्याकडे बघून "तिथे कुणी नाही" असं कुणाला लिहून देऊ नका. मला माहीत नसतं. कुणीतरी आधी त्या गच्चीवर जाऊन दिवस मावळेपर्यंत बसायला हवं.